सात मीटर कागदावरचा रणसंग्राम

जानेवारी 1160 मधील एका रात्री फुजिवारा नो नोबुयोरी आणि मिनामोतो कुळाचा प्रमुख योशितोमो यांनी क्योतोतील सान्जो राजवाड्यावर छापा घातला, निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांना बैलरथात बसवून पळवून नेले आणि राजवाडा पेटवून दिला. प्रतिस्पर्धी ताइरा कुळाचा प्रमुख कियोमोरी तेव्हा कुमानोच्या यात्रेला गेला होता. हा प्रसंग तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे 41 सेंटिमीटर रुंद आणि 7 मीटर लांब कागदावर चितारला गेला. ती चित्रगुंडाळी आज बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे.

ती उजवीकडून डावीकडे, पुढचा भाग उलगडत आणि पाहिलेला भाग गुंडाळत पाहायची असते. त्यामुळे आधी धावपळ करणारे दरबारी, मग ज्वाळांचे लोट आणि विहिरीत पडलेली माणसे, अखेरीस सैन्याच्या पुढे निघालेला एकटा धनुर्धर स्वार हे सारे डोळ्यांसमोर जणू घडत जाते. जपानी चित्रकलेत इतकी गतिमान कृती क्वचितच आढळेल, असे माझे मत आहे. मात्र ही गती ज्या उलगडण्या-गुंडाळण्यातून निर्माण होते, त्यातूनच चित्राची झीजही होते.

अशा चित्रांतील रंग बहुतांशी खनिजांची पूड असते: लाल रंगासाठी हिंगूळ किंवा शेंदूर, निळ्या-हिरव्यासाठी तांब्याची खनिजे. ही पूड प्राणिज सरसात कालवून लावतात. कोझो झुडपाच्या सालीतील लांब तंतूंपासून बनवलेला कागद सहज वाकतो. वाळलेल्या सरसाचा थर मात्र ताठ असल्यामुळे त्याला बारीक तडे जातात आणि रंगाचे कण सुटू लागतात. पृष्ठभागावरील ताण ढोबळमानाने कागदाची जाडी भागिले गुंडाळीचा व्यास इतका असतो. अस्तरासह जाडी अर्धा मिलिमीटर धरली, तर 2 सेंटिमीटर व्यासाच्या दांड्यावर हा ताण अडीच टक्के येतो, आणि 6 सेंटिमीटरच्या दांड्यावर एक टक्क्याहूनही कमी. म्हणूनच जपानी संवर्धक मूळ बारीक दांड्याभोवती 'फुतोमाकी' नावाचे जाड लाकडी आवरण बसवून मगच गुंडाळी ठेवतात. हा उपाय मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात मूळ चित्राला कसलाही रासायनिक स्पर्श होत नाही.

कागदाला मागून आधार देणारी अस्तरेही गव्हाच्या पिष्टाच्या खळीने चिकटवलेली असतात. ओलाव्याने ही खळ मऊ पडते, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीच्या वेळी जुने अस्तर सोडवून नवे लावता येते.