पाठलाग न करता गाडी कशी गाठायची?

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो. सायकलला पावांची टोपली बांधून तो हायवे ओलांडतो, मागचा लाल दिवा जेमतेम दिसतो. पोलिसांनी कुणाच्या गाडीचा भरधाव पाठलाग केला असं वाचलं, की मला आधी तो आठवतो.

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत ड्रायव्हरला साधारण दीड सेकंद लागतो. ताशी 60 किमी वेगाने गाडी तेवढ्यात 25 मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 20 मीटर घेते. वेग 120 असेल तर हेच आकडे 50 आणि 80 होतात. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, म्हणून ब्रेकचं अंतरही चौपट. 45 मीटरवर थांबणारी गाडी आता 130 मीटरवर थांबणार. पावसाळ्यात तर विचारूच नका.

मागे सायरन असेपर्यंत पळणारा वेग कमी करत नाही. म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी सरकारी पैशातून वेगळी यंत्रं घेतली जातात. त्यातलं एक पोलिसांच्या गाडीच्या पुढच्या जाळीमागे बसतं. लेझरने नेम धरायचा, दाबलेल्या हवेच्या जोरावर एक छोटी चिकट नळकांडी पुढच्या गाडीच्या मागच्या बाजूला डकवायची. तिच्यातलं जीपीएस दर काही सेकंदांनी ठिकाण कळवतं. पोलीस मागे राहतात, नकाशावर पाहत पुढे नाका लावतात. मात्र नेमासाठी क्षणभर जवळ जावंच लागतं, ओल्या, चिखलाने माखलेल्या पत्र्यावर डिंक नीट धरत नाही, आणि घाटात नेटवर्क तुटतं. आपल्याकडे या तिन्हींचा त्रास होणार.

दुसरी युक्ती रस्त्यावर आडव्या टाकायच्या काट्यांच्या पट्टीची. काटे पोकळ असतात, टायर फुटत नाही, हवा हळूहळू निघून जाते. पण पट्टी टाकायला पोलिसाला रस्त्याकडेला उभं राहावं लागतं. अमेरिकेत त्यात पोलिसांचे जीव गेले आहेत.

म्हणून गोव्यापुरतं विचाराल, तर मी पहिला पैसा नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवर लावीन. गाडीने राज्याबाहेर पडायचे मोठे रस्ते मोजकेच: पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. तिची अक्षरं एकसारखी, कॅमेऱ्याला वाचायला सोपी. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेलं कलम 136अ तर राज्यांना रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवायलाच सांगतं. यंत्राच्या किमतीसोबत देखभाल आणि शिपायांचं प्रशिक्षणही अर्थसंकल्पात हवं, नाहीतर वर्षभरात कॅमेऱ्यावर धूळ. आणि निरपराध गाड्यांच्या नोंदी ठरलेल्या मुदतीत पुसल्याच पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, तो हायवेवरही लागू आहे.

पत्रादेवी ते पोळे हा हायवे सव्वाशे किलोमीटरहून जास्त आहे. 120 च्या वेगाने पळालं तरी तासाहून अधिक वेळ लागतो. वायरलेसवरून निरोप पोहोचायला एक मिनिटही लागत नाही.