वजन तेवढंच, म्हणजे पीटी वाया?

'वर्षभर पीटीचा तास झाला, तरी पोराचं वजन गेलं नाही. त्यापेक्षा तो तास गणिताला द्या,' असं पालकसभांत सर्रास ऐकू येतं. या म्हणण्यात वजनकाट्यावर नको तितका विश्वास आहे.

तेरा ते सोळा या वयात वजन वाढतंच, वाढायलाच हवं. हाडं भरतात, मुलांमध्ये स्नायू झपाट्याने वाढतात, मुलींमध्ये चरबीचं प्रमाण निसर्गतःच थोडं वाढतं. स्नायू चरबीपेक्षा घन. एक लिटर स्नायूचं वजन साधारण १.०६ किलो, तेवढ्याच चरबीचं ०.९. त्यामुळे चरबी घटून स्नायू वाढले, तरी काटा आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) जागेवरच राहू शकतात. फरक दिसतो तो कंबरेच्या घेरात आणि कॅलिपरने, म्हणजे चिमट्यासारख्या मापकाने, मोजलेल्या त्वचेच्या घडीत.

आरोग्यविषयक अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात शाळांतल्या व्यायाम-उपक्रमांचे ८९ अभ्यास तपासले गेले. बीएमआयवर परिणाम नगण्य, पण दमसास थोडा सुधारलेला. म्हणजे 'पीटीने लठ्ठपणा पळतो' हा दावाही फुगवलेलाच. खाणं, झोप, बसून राहणं हे सगळं एक तास कसं भरून काढणार?

आणि तो तास कसा जातो, हे कुणी पाहतं का? रांगेत उभं राहून हजेरी देणं हा व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते, त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे प्रकार. दोरीउड्या, सूर्यनमस्कार, खो-खो, लंगडी यांना खर्च जवळपास शून्य.