डम्ब अँड डम्बर: हसू आधी आलं, लाज नंतर

'डम्ब अँड डम्बर' हा १९९४ चा हॉलिवूडचा कॉमेडी पिक्चर, लॉइड आणि हॅरी या दोन ठोंब्या मित्रांचा, जे एका बाईची राहिलेली बॅग तिला परत द्यायला अमेरिकेत लांबच्या प्रवासाला निघतात. याहून जास्त गोष्ट सांगत बसत नाही. कुत्र्याच्या वेषातली व्हॅन, बॅगेतल्या नोटा आणि त्या उडवून त्या जागी ठेवलेल्या उधारीच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडन्सपासून अ‍ॅस्पेनपर्यंतचा गोंधळ, हे ज्याने पाहिलंय त्याला पाठ आहे आणि ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून हसू येणार नाही. इथे विषय वेगळा आहे. या पिक्चरवरून लोक भांडतात, म्हणजे एक जण म्हणतो हसून हसून पोट दुखलं आणि दुसरा म्हणतो असला फालतूपणा बघवत नाही, ते भांडण आलं कुठून आणि तीस वर्षांत त्याचं काय काय झालं, एवढंच बघायचंय.

'समीक्षकांनी झोडपला आणि पब्लिकने डोक्यावर घेतला' हे वाक्य याच्याबद्दल इतक्यांदा लिहिलं गेलंय की तेच खरं वाटायला लागतं. पण तेव्हाचे रिव्ह्यू काढून वाचले तर सरसकट शिव्या नाहीत, कोणी वैतागलंय, कोणी खूश आहे, आणि बरेच जण आपण का हसलो याचं स्पष्टीकरण देत बसलेत. शिकागोच्या एका बड्या समीक्षकाने चारपैकी दोनच स्टार दिले आणि त्याच रिव्ह्यूत कबूल केलं की मेलेल्या पक्ष्याच्या जोकला आपण इतक्या मोठ्याने हसलो की आपलीच आपल्याला लाज वाटली. (जोक म्हणजे तोच, मुंडकं चिकटपट्टीने चिकटवून तो पक्षी आंधळ्या पोराला विकतात तो. पोराचा अक्षरशः पोपट.) मला वाटतं अख्खं भांडण या एका कबुलीत आहे. समीक्षक एका बाजूला आणि पब्लिक दुसऱ्या बाजूला असं ते कधीच नव्हतं, माणूस थेटरात हसायचा आणि पार्किंगपर्यंत येईस्तोवर तोच माणूस म्हणायचा की काय फालतू होता यार.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. दोन ठोंबे आणि त्यांचा प्रवास हे काही १९९४ मध्ये कोणाला नव्याने सुचलेलं नाही. जाड्या-रड्याची जोडी १९२७ पासून हेच करत होती, आणि त्यातली गंमत अशी होती की रड्या मूर्ख आहेच, पण जाड्या त्याच्याहून मूर्ख, कारण त्याला वाटतं की आपण शहाणे आहोत. डम्ब कोण आणि डम्बर कोण हा हिशोब तेव्हाचाच. १९३७ च्या त्यांच्या 'वे आउट वेस्ट'मध्ये तर दोघं सोन्याच्या खाणीचे कागद एका बाईला नेऊन द्यायला निघतात आणि भलत्याच बाईच्या हातात देतात. खाणीच्या कागदांच्या जागी ब्रीफकेस ठेवा, जवळजवळ तीच गोष्ट. मग १९४० पासून १९६२ पर्यंत बॉब होप आणि बिंग क्रॉसबी या जोडीचे सात 'रोड' पिक्चर आले, त्यातले दोघे मात्र चालू होते, मूर्ख नव्हते. १९८९ नंतर पुन्हा येड्या पोरांच्या जोड्या आल्या, टीव्हीवर १९९३ पासून सोफ्यावर बसून खीखी हसणारी दोन कार्टून पोरं आली, आणि 'सगळं कसं बथ्थड होत चाललंय' हा सूर अमेरिकन पेपरांत आधीच लागलेला होता. डिसेंबर १९९४ मध्ये पोस्टरवरच 'डम्ब' असं दोनदा लिहिलेला पिक्चर आला म्हटल्यावर तशा लेखांना शीर्षक आयतंच मिळालं. त्यातही गंमत बघा, डम्ब शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ मुका, आणि हे दोघं अख्ख्या रस्त्यात एक मिनिट गप्प बसत नाहीत.

आता १९९४. लॉइड झालेल्या जिम कॅरीचा त्या एका वर्षातला हा तिसरा पिक्चर, फेब्रुवारीत एक, जुलैत एक आणि १६ डिसेंबरला हा, आणि तिन्ही अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेले. म्हणजे तिकीट काढणाऱ्याला आपण कशाला चाललोय हे पक्कं माहीत होतं, तो रबरासारखा चेहरा बघायला. त्या नटाने स्वतःच्या दाताची कॅप काढून ठेवली होती, तो पुढचा तुटका दात मेकअप नाही, खरा आहे. त्याचे पैसे ७० लाख डॉलर आणि हॅरी झालेल्या जेफ डॅनियल्सचे म्हणे ५० हजारांच्या आसपास, कारण जोडीदार गंभीर भूमिका करणारा, त्याला कॉमेडीत घ्यायलाच वरचे लोक तयार नव्हते आणि इतके कमी पैसे सांगितले की तोच नाही म्हणेल अशी अपेक्षा होती. तो हो म्हणाला. लोकांना खरा धक्का त्याचा बसला. रबरी चेहऱ्याकडून वेडेपणाची अपेक्षाच होती, पण हा सभ्य, मध्यमवयीन दिसणारा, चाळिशीला टेकलेला माणूस गोठलेल्या लोखंडाला जीभ चिकटवून अडकलाय हे बघून लोक हसायच्या आधी क्षणभर दचकले असणार.

खर्च सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर, पहिल्या तीन दिवसांत वसुली १ कोटी ६० लाखांच्या वर, आणि जगभरची बेरीज २४ कोटी ७० लाखांच्या आसपास. आकडे एवढेच पुरेत.

आता शब्दाचा घोळ, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण निम्मं भांडण या घोळातून आलंय. या पिक्चरला सगळे स्लॅपस्टिक म्हणतात, आणि नावं ठेवणारे त्याच शब्दात सगळं कोंबतात, संडासाचा सीन, मेलेला पक्षी, बर्फाचे गोळे, तिखट मिरच्या, सगळं एकाच पोत्यात. पण स्लॅपस्टिक ही खरोखरची वस्तू होती. सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या फिरत्या नाटकवाल्यांकडे दोन पातळ फळ्या जोडून केलेली काठी असायची, ती पार्श्वभागावर हाणली की फट्ट असा मोठा आवाज यायचा आणि लागायचं मात्र फारसं नाही. आवाज मोठा आणि इजा शून्य, हा सौदा होता. प्रेक्षक हसू शकायचा कारण समोरच्याला लागलेलं नाही हे त्याला माहीत असायचं.

हे डोक्यात ठेवून आता तो सीन बघा ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोक नाक मुरडतात. लॉइडने गुपचूप जुलाबाचं औषध पाजलंय आणि हॅरी डेटवर त्या बाईच्या घरी पोचलाय. नाक मुरडणाऱ्याला विचारा की नेमकं काय दिसतं, तो म्हणेल शी, सगळं दिसतं. काहीही दिसत नाही! कॅमेरा हॅरीवर आहे, कमोडवर बसलेला, पाय वर गेलेत, हात भिंतीवर, चेहऱ्यावर आधी भीती मग यातना मग एक प्रकारची शरणागती, आणि बाकी सगळा आवाज. म्हणजे तीच जुनी काठी, आवाज मोठा, इजा शून्य. आणि जोकचा खरा फटका तर पुढे आहे, दाराबाहेरून ती बाई शांतपणे सांगते की तो टॉयलेट चालत नाही, फ्लश होत नाही. त्या क्षणी हॅरीचा जो चेहरा होतो ना, त्यासाठीच गंभीर नट घेतला होता असं वाटतं. नटाच्या आजूबाजूच्या लोकांनी त्याला हा पिक्चर करू नकोस, करिअर संपेल असं सांगितलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं मुलाखतींमध्ये त्याला याच सीनबद्दल विचारत राहिले.

हा वाद इतका पेटला त्यालाही इतिहास आहे. १९३४ ते १९६८ हॉलिवूडवर नियमावली होती, त्यात संडास ही वस्तू पडद्यावर जवळपास नसायचीच, फ्लश होणारा कमोड पहिल्यांदा दिसला तो म्हणे १९६० च्या 'सायको'मध्ये, आणि तेव्हा त्यावरूनही कुरकुर झाली. त्यानंतर चौतीस वर्षांनी कमोडच सीनचा नायक. वर सर्टिफिकेट पीजी-१३, हा प्रकारच १९८४ मध्ये सुरू झालेला, म्हणजे तेरा वर्षांखालच्या पोरांच्या आईबापांना सावध केलं जातं पण पोरांना दारात अडवत नाहीत. पोरं गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत, लॉइड गाडीत मुद्दाम काढतो तो कान किटवणारा आवाज सुरू झाला असणार याबद्दल मला शंका नाही. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, टीव्हीवर याची कार्टून मालिका आली, शनिवार सकाळची, एकच सीझन चालली. ज्या पिक्चरला मोठे लोक मुलांसाठी वाईट म्हणत होते त्याचा मुलांसाठीच कार्यक्रम केला.

आता उलटी बाजू, जी फार कमी लोक काढतात. ज्या गोष्टी स्लॅपस्टिक नाहीतच, जिथे खरंच कोणाचं नुकसान होतं, त्या या पिक्चरमध्ये आहेत आणि त्यांच्यावर तेव्हा मानाने कमी ओरड झाली. बॅगेच्या मागावर असलेला गुंड मरतो, खरा मरतो, मिरच्या खाऊन तडफडत असताना हे दोघं त्याला औषध समजून त्याच्याच जवळचं उंदीर मारायचं विष देतात. आणि तो आंधळा पोरगा, मेलेल्या पक्ष्याला कुरवाळत बसलेला, त्याला कोणी सांगतच नाही. नव्या पिढीतले लोक आज पहिल्यांदा बघतात तेव्हा संडासाच्या सीनला आरामात हसतात आणि त्या पोरापाशी अडखळतात. लाज तीच, जागा बदलली. मला हे पटतं, पण खोटं कशाला बोला, त्या पक्ष्याला मी अजूनही हसतो.

थेटरातली प्रतिक्रिया एकदाची असते. या पिक्चरचं खरं काम व्हीएचएसने केलं. कॅसेट घरात आली की लाज वाटायला कोणी अनोळखी बाजूला नसतं, सगळे आपलेच, आणि आवडता सीन आला की रिवाइंड. पाठांतर तिथे सुरू झालं. रिवाइंड करण्यासारखा सीन कुठला म्हणाल तर माझ्या मते छोट्या मोटरसायकलचा. लॉइड रात्री चुकीचा फाटा पकडून अख्खा रस्ता उलटा चालवत आलाय, सपाट नेब्रास्का बघून हॅरीला वाटतं डोंगर जरा जास्त डोंगरासारखे असतील अशी आपली अपेक्षा होती. मग चूक कळते, मैत्री तुटते, हॅरी एकटा चालायला लागतो. आणि लॉइड येतो ते व्हॅन देऊन बदल्यात घेतलेल्या पोरांच्या फटफटीवर. हॅरी त्याच्याकडे बघतो आणि सुरू करतो, की याहून मोठा मूर्खपणा तू करू शकणार नाहीस असं वाटलं की तू नेमकं असं काहीतरी करतोस, आपण वाट बघतोय आता फुटणार, आणि तो एकदम खूश होऊन म्हणतो की सगळी भरपाई करून टाकलीस! पुढच्या शॉटला दोघं त्या इवल्याशा गाडीवर थंडीत गोठत डोंगर चढतायत. इथे कोणी पडत नाही, कोणाला लागत नाही, आवाजसुद्धा नाही, नुसतं एकाच्या मूर्खपणाला दुसऱ्याने दिलेलं सर्टिफिकेट आहे. लोकांचं प्रेम इथे बसलं, कमोडवर नाही, असं आपलं माझं मत.

पुढचं सगळं या प्रेमावर पैसे कमवायच्या खटपटी. २००३ मध्ये दोघांच्या शाळेच्या दिवसांचा पिक्चर काढला, मूळ नट नाहीत, मूळ दिग्दर्शक फॅरेली बंधूही नाहीत. लोकांची प्रतिक्रिया सरळ होती, गेलेच नाहीत फारसे. २००६ मध्ये मूळ पिक्चरची डीव्हीडी आली, जास्तीचे आणि लांबवलेले सीन घालून, वर लिहिलेलं की सर्टिफिकेट नसलेली आवृत्ती. यावर जुने चाहते जे चिडले ते बघण्यासारखं होतं, कारण त्यांना प्रत्येक पॉज पाठ होता आणि आता जोक दोन सेकंद उशिरा संपत होता. जास्त घाण झाली ही तक्रार नव्हतीच त्यांची, टायमिंग बिघडवलं ही होती. स्लॅपस्टिकला बुद्धी लागत नाही म्हणणाऱ्यांनी ही तक्रार ऐकायला हवी होती.

मग नोव्हेंबर २०१४, वीस वर्षांनी, मूळ दोघं आणि मूळ दिग्दर्शक परत. पहिल्या तीन दिवसांत ३ कोटी ६० लाख डॉलर, म्हणजे लोक धावत गेले, आणि जगभर सगळं मिळून १७ कोटींच्या अलीकडे थांबला, म्हणजे दुसऱ्यांदा कोणी गेलं नाही. सुरुवातीचाच जोक असा की लॉइड वीस वर्षं वेड्यांच्या इस्पितळात न बोलता बसून होता आणि ते सगळं हॅरीची फिरकी घ्यायला. कागदावर भारी आहे. पण पडद्यावर एक बावन्न वर्षांचा आणि एक साठीला टेकलेला माणूस दिसतो, आणि हसायच्या आधी मनात येतं की यांना कोणी नाही का. पहिल्या वेळीही ते काही पोरं नव्हते, एक बत्तीसचा आणि एक एकोणचाळीसचा, नोकरी नाही, बायको नाही, शेवटी रस्त्यावर पायी, समोर बिकिनीवाल्या बायकांची बस थांबते आणि हे त्यांना पुढच्या गावाचा पत्ता सांगून पाठवून देतात. तेव्हा त्याचं वाईट वाटलं नव्हतं. दिग्दर्शक तेच, टायमिंगही बऱ्यापैकी तेच, पण काठीचा फट्ट आवाज आला आणि या वेळी लागलं असं वाटलं, सौदा मोडला.

आता राहिलंय ते तुकड्यांमध्ये. अ‍ॅस्पेनमधला तो सीन, लॉइड त्या बाईला विचारतो माझा काही चान्स, ती म्हणते दहा लाखांत एक, आणि हा थोडा विचार करून म्हणतो म्हणजे चान्स आहे तर. कुठलीही टीम हरायच्या बेतात असली आणि गणिताने कुठेतरी फट शिल्लक असली की हा तुकडा फिरतो, आणि फिरवणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी पिक्चर पाहिलेलाच नसतो. बहुतेक वेळा नुसता फोटोच असतो, लॉइडचा, तो तुटका दात आणि चेहऱ्यावर लख्ख आशा. ती बाई त्या फोटोत नसते.