गुलाल उधळला की व्हिडिओ का फुटतो?

जोतिबाच्या चैत्र यात्रेचा व्हिडिओ मोबाइलवर आला की एक गोष्ट हमखास दिसते. सासनकाठ्या डोलतायत, देवळाचं शिखर स्वच्छ दिसतंय, गर्दीतले चेहरेसुद्धा ओळखू येतायत. मग ‘चांगभलं’चा गजर होतो, गुलाल उडतो आणि त्याच क्षणी सगळं चित्र चौकोनी ठोकळ्यांत विस्कटतं. गुलाल खाली बसला की पुन्हा ठीक. कॅमेरा तोच असतो, लेन्सही तीच. व्हिडिओ लहान करणाऱ्या एन्कोडरला त्या दोन-चार सेकंदांसाठी जेवढी जागा हवी होती तेवढी मिळालेली नसते.

लग्नाचं शूटिंग करणारे, कुस्तीची मैदानं आणि पेठांच्या फुटबॉल मॅच रेकॉर्ड करणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, “फाइल बारकी पाहिजे, पण क्वालिटी जायला नको. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?” सॉफ्टवेअरची नावं सांगण्याआधी फाइल लहान होते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण निवड तिथेच ठरते.

आधी हिशोब मांडू. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. एका फ्रेमला ६२ लाख बाइट झाले. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तासाभराच्या व्हिडिओला सुमारे ५६० जीबी जागा लागेल. फोनने तोच व्हिडिओ सेकंदाला १६ मेगाबिट या दराने साठवला तर तास ७.२ जीबीत बसतो. म्हणजे आपण ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतो, तीच मुळात सत्तर-ऐंशी पटीने आवळलेली फाइल असते.

एवढं आवळता येतं कसं? पहिली बचत आपल्या डोळ्यांमुळे होते. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळ्याला लगेच कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच ठेवतात आणि निम्मा डेटा तिथेच जातो. सगळ्यात मोठी बचत मात्र अंदाजातून होते. खासबाग मैदानातली कुस्ती स्टँडवर लावलेल्या कॅमेऱ्यातून टिपली आहे असं समजा. हौद्यातली तांबडी माती, कडेची बैठक, मागचा मंडप या फ्रेममध्ये आहे तसाच पुढच्या फ्रेममध्ये असतो. हलतात ते दोन पैलवान आणि पंच. एन्कोडर फ्रेमचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येकासाठी शोध घेतो की हा तुकडा मागच्या किंवा पुढच्या फ्रेममध्ये कुठे सापडतो का. सापडला तर ‘तिथून उचल, इतका डावीकडे सरकव’ एवढीच नोंद करतो आणि जो थोडा फरक उरेल तो वेगळा लिहितो.

तो उरलेला फरक लिहिण्याच्या रीतीत भारतीय माणसाचा मोठा वाटा आहे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही पद्धत मांडली. चित्राच्या तुकड्यातले ठळक, संथ बदल आणि बारीक, झटपट बदल ती वेगवेगळे करून देते. बारीक बदलांचे आकडे मग ढोबळ करून टाकतात. क्वालिटी जाते ती या ढोबळ करण्यात. जेपीईजी फोटोपासून आजच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे याच पद्धतीची रूपं वापरात आहेत. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हे नाव अभिमानाने घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता गुलालाकडे बघा. हवेतला प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो. मागच्या फ्रेममधून उचलण्याजोगं काही सापडत नाही, अंदाज फसतो आणि सगळं नव्याने लिहावं लागतं. रंकाळ्याच्या लाटा, पावसातली फुटबॉल मॅच, लग्नातली फुलांची उधळण, सगळ्यांची हीच गत. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे तो दर, घट्ट बांधून ठेवला असेल तर एन्कोडरपुढे एकच वाट उरते, ती म्हणजे आकडे इतके ढोबळ करणं की चौकोनांच्या कडा उघड्या पडतात.

‘एच.२६४ घेऊ की एच.२६५?’ हा वाद इथे अर्धवट ठरतो. ही व्हिडिओ आवळण्याच्या मानकांची नावं. एच.२६४ हे मानक २००३ सालचं, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हे २०१३ सालचं आणि एव्ही१ २०१८ सालचं. एचईव्हीसी आखताना तेवढ्याच क्वालिटीला निम्मा बिटरेट हे लक्ष्य होतं आणि एव्ही१ त्याच्याही पुढे जायला बघतं. पण मानक सांगतं ते फाइल उलगडायची कशी एवढंच. ती बनवताना कुठे शोधायचं, किती शोधायचं, कुठे बिट खर्चायचे आणि कुठे वाचवायचे, हे एन्कोडर लिहिणाऱ्यावर सोडलेलं आहे. त्यामुळे एकाच एच.२६४ च्या दोन फाइली, आकाराने सारख्या असूनही, दिसायला फार वेगळ्या असू शकतात.

फोनमधल्या चिपला एका फ्रेमचा निकाल सेकंदाच्या तिसाव्या भागात लावावा लागतो, म्हणून तिचा शोध उथळ असतो. ग्राफिक्स कार्डातला एन्कोडरही वेगासाठीच केलेला. अनुक्रमे एच.२६४, एच.२६५ आणि एव्ही१ फाइली बनवणारे एक्स२६४, एक्स२६५ आणि एसव्हीटी-एव्ही१ हे सॉफ्टवेअर एन्कोडर मात्र प्रोसेसरवर चालतात आणि त्यांना हवा तेवढा वेळ देता येतो. त्यांचे प्रीसेट म्हणजे शोध किती खोल घ्यायचा याचं माप. एक्स२६४ मध्ये ते ‘अल्ट्राफास्ट’पासून ‘व्हेरी स्लो’पर्यंत जातात. त्याहीपुढे एक प्रीसेट आहे. वेळ भरमसाट जातो, हाती जवळपास काही लागत नाही, म्हणून करणाऱ्यांनीच त्याचं नाव ‘प्लासिबो’, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी, असं ठेवलं. रात्री रेंडरला लावून सकाळी फाइल घ्यायची असेल तर ‘स्लो’ माझ्या मते सगळ्यात फायद्याचा.

सॉफ्टवेअर मी हँडब्रेक सुचवेन. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि हे तिन्ही एन्कोडर त्यात आहेत. कमांड टाइप करायची सवय असेल तर २००० साली सुरू झालेलं एफएफएमपेग आहेच. त्यातही हेच एन्कोडर वापरता येतात. म्हणून नुसत्या लहान फाइलसाठी पैसे देऊन कन्व्हर्टर घ्यायची गरज मला दिसत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचआरसारख्या कमी आवळणाऱ्या प्रकारात जड फाइल काढायची आणि शेवटचं आवळणं हँडब्रेकमध्ये करायचं.

तिथे ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये बिटरेटचा आकडा टाकायचा मोह टाळा आणि ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडा. तुम्ही क्वालिटी ठरवता, आकार प्रसंगानुसार ठरतो. नवरा-नवरी खुर्चीवर बसलेत तिथे फाइल कमी खाते, अक्षता पडायला लागल्या की जास्त. एक्स२६४ मध्ये हा आकडा ० ते ५१ असतो, लहान आकडा म्हणजे चांगली क्वालिटी. फुल एचडीला २० ते २४ च्या दरम्यान राहावं. आकडा सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. मात्र एक्स२६४ चा २३ आणि एक्स२६५ चा २३ एक नव्हे. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. एसव्हीटी-एव्ही१ ची तर ६३ पर्यंत जाते.

अंधाराचा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं चित्रण आठवा. काळोखा गाभारा आणि त्यात हळूहळू वर चढणारी मावळतीची किरणं. तिथे सगळी छटा काळ्याच्या जवळच्या मोजक्या पायऱ्यांत सामावलेली असते. ८ बिटमध्ये उजेडाच्या एकूण पायऱ्या २५६. त्यातल्या तळाच्या थोड्याच वापरात आल्या आणि एन्कोडरने त्याही ढोबळ केल्या की भिंतीवरचा मऊ उजेड पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागतो. १० बिटमध्ये पायऱ्या १०२४ होतात. मूळ चित्रण ८ बिटचं असलं तरी १० बिटमध्ये एन्कोड केल्याने नव्या पट्ट्या बऱ्याच कमी पडतात. त्यासाठी एक्स२६५ चा १० बिट पर्याय घ्यावा, कारण १० बिटचं एच.२६४ बहुतेक टीव्हींना झेपत नाही. व्हीएमएएफ हे नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं क्वालिटीचं माप चांगलं आहे, पण अशा पट्ट्या पकडण्यात ते कमी पडतं. इथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी.

कोल्हापुरात बनलेल्या जुन्या कृष्णधवल चित्रपटांच्या रिळांना आणखी एक अडचण. फिल्मचे दाणे दर फ्रेमला बदलतात, म्हणजे एन्कोडरला ते गुलालासारखेच. एव्ही१ मध्ये यावर सुरेख तोड आहे. दाणे आधी पुसायचे, ते कसे होते याची छोटी नोंद ठेवायची आणि बघताना तसेच दाणे पुन्हा पेरायचे.

आकडा पक्का करायला आख्खा कार्यक्रम एन्कोड करत बसू नका. सगळ्यात अवघड अर्धा मिनिट घ्या, उधळणीचा किंवा अंधाराचा. तोच तुकडा २०, २२, २४ वर करून बघा, आणि लॅपटॉपवर नव्हे, गिऱ्हाइकाच्या घरी असतो तेवढ्या मोठ्या टीव्हीवर. फरक दिसायला लागतो त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबा. आणि एन्कोड नेहमी मूळ फाइलवरूनच करा, आधीच आवळलेली पुन्हा आवळली की नुकसानीवर नुकसान चढतं.

पेनड्राइव्हचं मात्र लक्षात ठेवावं लागतं. एफएटी३२ फॉरमॅट असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तीन तासांचं लग्न एका फाइलमध्ये त्यात घालायचं तर आवाज धरून सेकंदाला जेमतेम तीन मेगाबिट वाट्याला येतात. अशा वेळीच बिटरेट ठरवून दोन पासमध्ये एन्कोड करावं. पहिल्या फेरीत एन्कोडर अवघड जागा हेरतो, दुसरीत त्याप्रमाणे बिट वाटतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे हळद, लग्न आणि वरात अशा तीन फाइली करणं. जुन्या टीव्हीसाठी एच.२६४ च ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर रात्रभर केलेलं काम ते ॲप वाटेत पुन्हा आवळून टाकतं.