पीसीचं कॅबिनेट बदलताय? आधी मुंबईच्या हवेचा हिशोब करा

नवीन कॅबिनेट घ्यायचं म्हटलं की लॅमिंग्टन रोडला दुकानात उभं राहून सगळे आधी काच बघतात, मग लाइटवाले फॅन मोजतात, मग किंमत विचारतात. घरी आणलं की जुन्यातला माल काढून नव्यात बसवायचा, झालं काम, असं वाटतं. पण कूलिंगचं निम्मं काम कॅबिनेट करत असतं हे फार कमी लोक लक्षात घेतात. प्रोसेसरवरचा कूलर काय करतो तर चिपची उष्णता उचलून कॅबिनेटमधल्या हवेत सोडतो, ग्राफिक कार्डाचे फॅन पण तेच करतात, आणि ती तापलेली हवा बाहेर पडली नाही तर तीच पुन्हा पुन्हा हीटसिंकवरून (कूलरच्या धातूच्या पात्यांवरून) फिरत राहते, मग कितीही महागडा कूलर लावा, तो गरम हवेनेच चिप थंड करायला बघणार.

थोडं गणित करूया, शाळेतलंच आहे. गेम चालू असताना पीसी ४०० वॅट ओढतोय असं धरा. ही वीज शेवटी जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. एक किलो हवा १ अंशाने तापवायला साधारण १००० जूल लागतात. आता आत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत फक्त १० अंशांनी तापावी असं आपल्याला हवं असेल तर दर सेकंदाला ४० ग्रॅम हवा आरपार गेली पाहिजे, म्हणजे साधारण ३५ लिटर. नेहमीचं मिड टॉवर कॅबिनेट ४५-५० लिटरचं असतं. म्हणजे बघा, दर दीड सेकंदाला आतली सगळीच्या सगळी हवा बदलायला हवी! फॅनच्या खोक्यावर जो सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा, त्याचा) आकडा असतो त्या हिशोबात हे ७०-७५ सीएफएम झालं. १२० मिलिमीटरच्या बऱ्याच फॅनवर ५०-६० सीएफएम छापलेलं असतं खरं, पण तो आकडा फॅन मोकळ्या हवेत धरल्यावरचा असतो, पुढे जाळी, त्यावर डस्ट फिल्टर, मागे केबलचा गुंता आला की प्रत्यक्षात बरीच कमी हवा जाते. म्हणून पुढून आत घेणारे दोन-तीन फॅन लागतात आणि म्हणूनच पुढे अख्खी काच असलेलं कॅबिनेट मी तरी कोणाला घ्यायला सांगत नाही, त्यात हवेला शिरायला कडेची बोटभर फट एवढाच रस्ता असतो. पुढे जाळीवालं घ्या. दिसायला साधं असेल पण श्वास घेतं.

फॅन जास्त म्हणजे आवाज जास्त, हे पण तितकंसं खरं नाही. फॅनचा स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज जवळपास १५ डेसिबलने उतरतो, आणि एकाच्या जागी तसेच दोन फॅन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन फॅन हळू चालवलेले कधीही चांगले. मुंबईच्या घरात जिथे पीसी पलंगाच्या उशाशीच असतो आणि रात्री बाजूला कोणीतरी झोपलेलं असतं तिथे हा फरक फार मोठा आहे.

आता मुंबईच्या हवेबद्दल, कारण इथे खरी गंमत आहे. माझा मावसभाऊ माहीमला खाडीच्या बाजूला राहतो, खिडकी कायम उघडी. त्याचं जुनं कॅबिनेट आम्ही दोघांनी मिळून खोललं तेव्हा बाहेरून ठीकठाक दिसत होतं, आत मात्र पत्र्याच्या कापलेल्या कडांवर पांढरी भुकटी, मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांवर तांबूस डाग आणि खालच्या कोपऱ्यात काळी, चिकट, ओलसर धूळ जमलेली. ती पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. कॅबिनेटचा पत्रा पोलादाचा असतो आणि त्यावर जस्ताचा पातळ थर चढवलेला असतो, हवेतला ओलावा आणि मीठ आधी त्या जस्ताला खातं, त्याने आतलं लोखंड वाचतं. जस्त संपलं की मग तांबूस गंज सुरू. म्हणजे पांढरी भुकटी दिसतेय तोपर्यंत तो थर आपलं काम करतोय, तांबडं दिसलं की तिथे त्याचं काम संपलं.

आणि ती धूळ ओलसर का? तर पावसाळ्यात मिठाची बरणी का ओली होते, त्याच कारणाने. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतः हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याचं खारं पाणी होतं. मुंबईत जून ते सप्टेंबर ७५ टक्के म्हणजे रोजचंच. समुद्रावरून येणारं मीठ धुळीत मिसळलेलं असतं, शिवाय घर रेल्वे ट्रॅकच्या जवळ असेल तर लोखंडाची बारीक काळी पूड पण येते. सुकी धूळ मदरबोर्डावर पडली तर फारसं बिघडत नाही, फक्त उष्णता अडवते, पण हीच खारट धूळ ओली झाली की तिच्यातून वीज थोडीथोडी वाहायला लागते आणि चिपच्या दोन बारीक पायांमध्ये नको तिथे रस्ता तयार होतो.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. २९ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या आणि ती नुसती १० अंशांनी तापवा, पाणी तेवढंच ठेवून. तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते! म्हणजे आपण वर जो १० अंशांचा हिशोब केला ना, त्याच्यामुळे चालू पीसीच्या आतली हवा पावसाळ्यातही ७५च्या बरीच खाली राहते आणि मीठ कोरडं राहतं. म्हणून रोज वापरातला पीसी पावसाळा नीट काढतो आणि गावाला गेल्यावर दोन महिने बंद असलेला पीसी येऊन चालू करावा तर रुसून बसतो. एसीवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवायचं. रात्रभर खोली २२ अंशांवर, पीसी बंद आणि थंडगार, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची २९ अंशांची दमट हवा आत येते, तिच्यातलं पाणी २६ अंशांच्या आसपासच दव होऊन पडायला लागतं, आणि आपला पत्रा तर २२ वर आहे. तेव्हा लगेच पीसी चालू करू नका, तासभर थांबा.

तर कॅबिनेट बदलणं हा साफसफाईचा सगळ्यात चांगला मोका आहे, कारण एरवी बोर्डाची मागची बाजू दिसतच नाही. मऊ ब्रश, ब्लोअर आणि चिकट डागांसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. तोंडाने फुंकू नका, थुंकीत पण क्षार असतात. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन त्याच्या मर्यादेबाहेर गरगरतो आणि बेअरिंग जातं. आणि नव्या कॅबिनेटमध्ये आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, आत येणाऱ्या वाटेवर फिल्टर लावून. मग आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटीफटीतून हवा बाहेरच जाते, धूळ आत शिरत नाही. फिल्टर मात्र धुवायला हवा, इथे महिन्यातून एकदा तरी.

प्रत्यक्ष हलवायचं काम तसं सोपं आहे कारण इंटेलने १९९५ मध्ये मदरबोर्डाचं एटीएक्स नावाचं माप आणलं आणि स्क्रूच्या भोकांच्या जागा अजूनही त्याच आहेत. मोठा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो २४४ बाय २४४, छोटा मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. ग्राफिक कार्ड आधी काढायचं, मग केबल, मग बोर्ड. कूलर लहान असेल तर प्रोसेसर, कूलर, रॅम सगळं तसंच ठेवून बोर्ड अख्खा उचलता येतो, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या थर्मल पेस्टला हात लावायची गरजच नाही. कूलर काढावाच लागला तर आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा, पेस्ट कोमट झाली की हलकं पिळत सोडवा, सरळ वर ओढलं तर एएमडीच्या एएमफोर सॉकेटवाल्या बोर्डावर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एकदा कूलर सुटला की नवी पेस्ट लावायचीच. दोन धातू डोळ्याला सपाट दिसले तरी मध्ये बारीक फटी असतात आणि त्यात हवा बसते, हवा उष्णता वाहून न्यायला अगदी नालायक, तांब्यापेक्षा जवळपास पंधरा हजार पट वाईट.

स्टँडऑफकडे मात्र नीट बघा. पत्रा आणि बोर्ड यांच्यामध्ये अंतर ठेवणारे ते पितळी खिळे. बोर्डाच्या मागे सोल्डरचे टोकदार ठिपके असतात, नव्या कॅबिनेटमध्ये कारखान्यातून बसवून आलेला एखादा स्टँडऑफ तुमच्या बोर्डाच्या भोकाखाली नसेल तर तो नेमका त्या ठिपक्यांना टेकतो आणि शॉर्ट. म्हणून बोर्ड आधी नुसता वर धरून भोकं मोजा, जादा स्टँडऑफ काढून टाका. मागची पोर्टांची पत्र्याची पट्टी बोर्डाच्या आधी लावा. पुढच्या पॅनलच्या बारीक वायरींत पॉवर बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, ते फक्त दोन टोकं जोडतं, एलईडीची उलटी लागली तर दिवा पेटत नाही, बाकी काही होत नाही.

काचेचं पॅनल काढलं की टाइल्सवर उभं करू नका. टेम्पर्ड म्हणजे कडक केलेल्या काचेच्या पृष्ठभागावर मुद्दाम दाब कोंडलेला असतो, त्यानेच ती मजबूत होते, पण टाइल्ससारख्या कठीण चिजेवर कड नुसती टेकली आणि तिला टवका गेला की तो कोंडलेला ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा चुरा होतो. गोधडीवर आडवी ठेवा.

स्टॅटिकची भीती मुंबईत जरा कमी कारण दमट हवेत प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा थर असतो आणि चार्ज त्यावरून निघून जातो. एसीच्या कोरड्या खोलीत तसं होत नाही, म्हणून प्लग काढून, बोर्ड अजून जुन्या कॅबिनेटमध्येच असताना उघड्या धातूला हात लावून सुरुवात करा.

आणि नवीन कॅबिनेट लावल्यावर हाताला झिणझिण्या आल्या तर? जुन्या चाळींत आणि बिल्डिंगांत हे फार होतं. एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, विजेतला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडायला. सॉकेटला अर्थिंगच नसेल तर तो गोंगाट जाणार कुठे, मग कॅबिनेट २३० च्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास लटकतं. करंट अगदी मिलिअँपच्याही खाली असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. जुन्या कॅबिनेटला पुढे प्लॅस्टिक होतं, नव्याला धातूची जाळी आहे, म्हणून आत्ता कळलं इतकंच, होतं ते आधीपासून. पीसीत बिघाड नाहीये पण सॉकेटमध्ये आहे, चांगला इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग करून घ्या. अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्येच जोडून देतो म्हणणारा भेटला तर त्याला परत पाठवा, न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट फेजवर येईल.

सगळं बसलं की तापमान बघा, पण नुसता प्रोसेसरचा आकडा बघून उपयोग नाही, जानेवारीत खोली २४ वर असते आणि मे महिन्यात ३२ वर. खोलीचं तापमान लिहा, अर्धा तास जड गेम चालवा, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड खोलीपेक्षा किती वर गेले तो फरक लिहा. मग साइड पॅनल काढून परत तेच करा. पॅनल काढल्यावर फरक चांगला सात-आठ अंशांनी उतरला तर हवा आत यायला कमी पडतेय, पुढे एक फॅन वाढवा किंवा कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि प्रोसेसर फार तापत असेल आणि पॅनल काढूनही तेवढाच तापत राहिला तर कॅबिनेटचा दोष नाही, बहुधा कूलर नीट टेकलेला नाही, तो खोलून पेस्ट कशी पसरलीये ते बघा.