वड, पिंपळ अन् पानाची त्वचा : थोडी पार्श्वभूमी

वड, पिंपळ, उंबर या तिघांना 1753 सालीच फायकस या एका वंशात शास्त्रीय नावं मिळाली. पुढं 1887-88 ला कलकत्त्याच्या वनस्पती बागेतून फायकसवर मोठा ग्रंथ निघाला त्यात सगळी मांडणी फळाच्या आतल्या बारीक फुलांवर होती. ते बरोबरच होतं म्हणा, पण हर्बेरियममधले, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले, कितीतरी नमुने बिनफळाचे, मग ओळखायचं कशावरून? म्हणून पानाकडं लक्ष गेलं.

आपल्या मराठवाड्यात बीएस्सी बॉटनी केलेल्यांनी वडाच्या पानाचा छेद घेतलेलाच असतो. वरची त्वचा एकाहून जास्त थरांची, मधेच एक फुगलेली पेशी आणि तिच्यात देठाला लोंबणारा द्राक्षाच्या घडासारखा चुन्याचा खडा, म्हणजे सिस्टोलिथ. तो फक्त वरच्या त्वचेत, फक्त खालच्या की दोन्हीकडं, लव कशी, स्टोमॅटा म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, त्यांच्याभोवतीच्या पेशी कशा, यावरून प्रजाती वेगळ्या करता येतात. स्टोमॅटा बघायला पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिश लावायची, वाळली की पारदर्शक टेपनं हळूच उचलायची अन् मायक्रोस्कोपखाली धरायची, बस.

खरा वाद कृष्णवडाचा. पानाच्या बुडाशी द्रोण असतो, त्यात कृष्ण लोणी खायचा म्हणतात, तोच हा वड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला स्वतंत्र प्रजातीचं नाव दिलं, नंतर उचलून वडाचाच एक प्रकार करून टाकला, आणि अलीकडं काहींनी पानाच्या त्वचेतले फरक दाखवून परत वेगळं करा म्हटलं. मला विचाराल तर नुसत्या द्रोणावर निकाल लावणं घाईचं होतं, पण त्वचेचंही जपूनच घ्यावं, कारण स्टोमॅटाची दाटी ऊन-पाण्यावर बदलते, सावलीतलं पान आणि जालना रोडच्या कडेला उन्हात भाजणारं पान एकाच वडाचं असलं तरी आकडे जुळत नाहीत. वड आणि कृष्णवड दोन्ही एकाच जागी, एकाच पाण्यावर वाढवून मोजली तर बोलण्यात अर्थ. कितीतरी याद्यांत कृष्णवड आजही वडाखालीच आहे.

मग डीएनएची तपासणी आली. आता उंबर वेगळ्या उपवंशात, आणि वड-पिंपळ आपल्याला भाऊ वाटले तरी त्यांचे गट निराळे. त्वचेचं काम तिनं संपलं असं मात्र नाही, पिंपळाच्या जवळच्या प्रजाती सोडवताना सिस्टोलिथ कुठल्या बाजूला आहे हे आजही बघतातच.