पू-अर चहा: दमट हवेत मुरण्याचा इतिहास

पू-अर चहा विकत घेताना पहिला प्रश्न एकच विचारावा: कच्चा की पिकवलेला, म्हणजे ढीग लावून लवकर मुरवलेला? कच्च्यासाठी चीनच्या युनान प्रांतातली मोठी पानं कढईत थोडीच भाजतात, मळतात, उन्हात वाळवतात आणि वाफ देऊन त्यांची चकती दाबतात. आच बेताची असल्याने पानातली विकरं पुरती मरत नाहीत. पुढे सूक्ष्मजंतूही कामाला लागतात, म्हणून ही चकती वर्षानुवर्षं बदलत राहते. आपला नेहमीचा काळा चहाही आंबवलेला म्हणतात, पण तो सूक्ष्मजंतूंमुळे नव्हे, हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळा पडतो.

पू-अर हे मुळात चहा जिथे गोळा होई त्या बाजारपेठेचं नाव. डोंगरवाटांनी खेचरांवर माल जाई, तेव्हा सुट्या पानांपेक्षा दाबलेला चहा लादायला सोयीचा. आजही चकती बहुधा ३५७ ग्रॅमची असते आणि अशा सात चकत्या, म्हणजे सुमारे अडीच किलो, एका बांधणीत येतात.

चव घडवली ती मात्र दक्षिणेच्या दमट हवेने. हाँगकाँगच्या चहागृहांना काळसर, मऊ, घशाला न बोचणारा चहा हवा होता. तिथल्या ओलसर गोदामांत कच्चा चहा लवकर मुरे. मागणी वाढली आणि वर्षानुवर्षं थांबणं परवडेना, तेव्हा १९७३ मध्ये युनानची राजधानी कुनमिंगच्या कारखान्यात ढीग लावण्याची पद्धत बसवली गेली. आंब्याची आढी घालतात तसाच हा प्रकार: पानांवर पाणी शिंपडायचं, कापडाने झाकायचं, ढीग आतून तापला की उलटायचा. दीड-दोन महिन्यांत चहा पिकतो. उलटायला उशीर झाला तर मधली पानं करपतात, पाणी जास्त झालं तर आंबूस वास धरतो. नव्या मालाला ढिगाचा वास असतोच. वर्ष-दोन वर्षांत तो उतरतो.

वेष्टणावरच्या आकड्यांनी अनेक जण फसतात. ७५४२ म्हणजे १९७५ चा चहा नव्हे. पहिले दोन अंक ते मिश्रण पहिल्यांदा ठरलं ते वर्ष, तिसरा पानाची प्रत, चौथा कारखाना. २ म्हणजे मेंगहाई. चकती कालची असली तरी आकडा तोच राहतो. हे आपणहून सांगणारा दुकानदार भेटला तर त्याला धरून ठेवावं. जाणता दुकानदार चहा दाबल्याचं वर्ष वेगळं सांगतो, तो कोरड्या कुनमिंगला ठेवला होता की दमट ग्वांगडोंगला तेही सांगतो आणि आख्खी चकती गळ्यात न मारता आधी दहा-वीस ग्रॅम चाखायला देतो.

गोव्याचा हाँगकाँगजवळच्या मकावशी जुना संबंध. १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज तिथे वसले आणि १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. पण चहाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे हवा. साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रतेत चहा नीट मुरतो. आपल्या पावसाळ्यात ती ८५ च्या वर सहज जाते आणि बुरशी धरते. म्हणून मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बेगमी करतानाच चकतीचाही बंदोबस्त करावा. कागदासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आत आर्द्रतामापक ठेवावा आणि दसऱ्यानंतर डबा उघडावा. सुकी मासळी, मसाले, अगरबत्ती, डांबरगोळ्या जवळ नकोत. चहा वास ओढून घेतो. फ्रीजही नकोच. पिवळी, हिरवी किंवा काळी लव दिसली तर चकती टाकून द्यावी, झटकून पिऊ नये.

चाखण्यासाठी १०० मिलिलिटरच्या झाकणाच्या कपाला ६-७ ग्रॅम पुरे. चकती कडेने, थरांच्या दिशेने सुईने सोडवावी. वरून ठोकली तर चुरा होतो आणि चुऱ्याने कडवटपणा येतो. पहिलं उकळतं पाणी पाच-दहा सेकंदांत ओतून टाकावं. मग दहा सेकंद पानं भिजवून पहिला घोट, पुढे प्रत्येक वेळी थोडा अधिक वेळ. आठ-दहा वेळा पाणी चालतं. जुन्या कच्च्यात कापूर, जुनं लाकूड, सुका मेवा जाणवतो आणि कडवटपणा विरल्यावर घशात गोडवा परततो. पिकवलेल्यात पावसानंतरच्या मातीचा गंध असतो. मात्र कुबट, नाकात टोचणारा वास ओल्या गोदामाचाच समजावा, मग वेष्टणावर वर्ष कितीही जुनं असो.